नववा अध्याय येईपर्यंत

एकदा एका बंदराच्या शहरात आठ गिटारवादक एका पुस्तकाची वाट बघत होते.

आठच, कारण त्या शहरात जॅझ वाजवणारे गिटारवादक तेवढेच होते. बाकीचे गिटारवाले पुष्कळ होते. लग्नात वाजवणारे होते, चर्चमध्ये वाजवणारे होते, कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून तीन कॉर्डवर सगळे तारुण्य काढणारेही होते. पण जॅझ हे जरा आडवळणाचे संगीत. त्यात गाणारा आपल्या मनाने चाल वळवत जातो आणि साथ करणाऱ्याने त्याच्या पावलाखाली योग्य वेळी योग्य स्वर आणून ठेवायचे असतात. तीन-चार स्वर एकत्र वाजले की त्याला कॉर्ड म्हणतात, आणि कुठल्या कॉर्डमागून कुठली यावी या शास्त्राला हार्मनी. हे शास्त्र अथांग आहे, असे ते आठही जण म्हणत. त्यांतले तिघे एकमेकांचे तोंड बघत नसत, पण एवढ्या एका बाबतीत त्यांचे एकमत होते.

सातासमुद्रापलीकडे एक वयोवृद्ध वादक होता. त्याच्या हार्मनीची ख्याती मोठी, पण त्याने जन्मात एक ओळ लिहिली नव्हती. आता ऐंशी उलटल्यावर त्याने प्रगत हार्मनीचे पुस्तक सिद्ध केले आहे, अशी वार्ता आली. बंदराजवळ वाद्ये विकणाऱ्या दुकानदाराने दुकानाच्या काचेवर कागद चिकटवला : 'पुस्तक मागवत आहोत. ज्यांना हवे त्यांनी नाव लिहावे.' दुपारपर्यंत आठ नावे झाली. पहिले नाव होते त्या आठांतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाचे. त्यांना सगळे मास्तर म्हणत. संधिवाताने त्यांची बोटे वाकली होती, त्यामुळे ते नाव लिहिताना पेनाने दोनदा कागद फाडला होता. शेवटचे नाव त्यांच्या शिष्याचे होते. तो आपल्या कचेरीतून सुटून पोचेपर्यंत सातजण लिहून गेले होते, आणि याचे त्याला आठवडाभर वाईट वाटत होते.

पुस्तक गणपतीत येणार होते. मग दिवाळीत येणार असे कळले. मग नाताळात. पुस्तक येत नव्हते आणि पुस्तकाविषयीची माहिती मात्र रोज येत होती. त्यात बारा अध्याय आहेत. पहिले आठ आपल्याला येतातच. खरी मेख नवव्या अध्यायात आहे. नववा अध्याय ज्याला समजला त्याला गिटारची पट्टी, म्हणजे तारा दाबायची ती लांब फळी, आरशासारखी स्वच्छ दिसू लागते. हे सांगणाऱ्यांपैकी कोणीच तो वाचला नव्हता, म्हणून कोणाच्या सांगण्यात विसंगती नव्हती.

एके दिवशी त्या नवव्या अध्यायाच्या एका पानाचे छायाचित्र कुठूनसे एकाच्या मोबाईलवर आले. पान तिरके, अर्धे पुसट. त्यावर पट्टीचे चित्र आणि बोटे कुठे ठेवायची ते दाखवणारे काळे ठिपके. चार ठिपके ठसठशीत होते. पाचवा, एकदम खालच्या तारेवर, फिकट. हा पाचवा ठिपका खरा की डाग, यावरून दुकानात दोन तट पडले. खरा मानणाऱ्यांनी त्याप्रमाणे बोटे ताणायला सुरुवात केली. माणसाला पाच बोटे असली तरी पट्टीवर चारच येतात, अंगठा मागे राहतो, याचा कोणी विचार केला नाही. एकाच्या पंजाला लचक भरली आणि तो पंधरा दिवस हाताला फडके बांधून हिंडला. तो आपला शिष्यच.

त्याचे वय चौतीस. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नोकरी, आणि सहा वर्षांपासून मास्तरांकडे शिक्षण. हात बरा होता, कानही वाईट नव्हता. परंतु पुस्तकाची बातमी आल्यापासून त्याने एक वाक्य धरले होते. मास्तरांनी नवे गाणे बसवायला दिले की तो म्हणे, "पुस्तक आल्यावर बघू." जुने गाणे पुन्हा वाजव म्हटले तर म्हणे, "पुस्तक आल्यावर हे सगळं बदलावंच लागणार आहे ना." गंमत म्हणजे बाकीचे सहाजणही हेच म्हणत होते. त्या वर्षी त्या शहरात एकही नवे गाणे बसले नाही. मला हे कळले तेव्हा मी आधी हसलो. नंतर माझ्या टेबलावर पडलेल्या कामांकडे बघून हसू आवरले.

त्याच शहरात ऑल्गाबाई राहत. बंदरासमोरच्या हॉटेलात त्या चाळीस वर्षे गायल्या आणि त्यांतली तीस वर्षे मास्तरांनी त्यांना गिटारची साथ केली. हॉटेल बंद पडले, मास्तरांची बोटे वाकली, बाई घरी बसल्या. अडुसष्टाव्या वर्षी त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. शस्त्रक्रियेचा मंगळवार ठरला. आवाज राहील का, असे बाईंनी विचारले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "जीव महत्त्वाचा. आवाजाचं नंतर बघू." डॉक्टरांचे 'बघू' काय असते ते बाईंना कळत होते. त्यांनी ठरवले की मंगळवारच्या आधीच्या रविवारी, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये, पाच गाणी म्हणायची. शेवटची, असे त्या कोणालाही म्हणाल्या नाहीत.

साथीला कोण? बाईंनी मास्तरांकडे पाहिले. मास्तरांनी आपली बोटे त्यांच्यापुढे धरली आणि शिष्याकडे बघितले.

शिष्याची झोप उडाली. ऑल्गाबाईंची साथ म्हणजे त्याच्या सहा वर्षांची परीक्षा. त्यातून सगळे गिटारवाले ऐकायला येणार. आपली हार्मनी अजून कच्ची आहे असे त्याला मनापासून वाटत होते. पुस्तक याच पंधरवड्यात येत आहे असे दुकानदाराने शपथेवर सांगितले होते. पण शपथ पंधरवड्याची, आणि रविवार तेरा दिवसांवर. शिष्याने आकडेमोड केली आणि तो सरळ ऑल्गाबाईंच्या घरी गेला.

"आंटी," तो म्हणाला, "कार्यक्रम आठ दिवस पुढे घेता येईल का? पुस्तक येतंय. नवव्या अध्यायात जे आहे ना, ते तुमच्या गाण्यांना इतकं शोभेल. मला तुमची साथ नीट करायची आहे."

त्याच्या मनात खोट नव्हती, मंगळवार त्याच्या डोक्यात आलाच नव्हता, हे सांगितले पाहिजे. बाईंनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिले.

"कार्यक्रम पुढे घेतला तर मंगळवारही पुढे घ्यावा लागेल, बाबा," त्या म्हणाल्या. "विचारते मी डॉक्टरांना."

त्यांनी खरोखर विचारले. डॉक्टरांनी त्यांना चांगलेच झापले. हे त्यांनी मास्तरांना हसत हसत सांगितले. "एवढा मान मला हॉटेलात पण कोणी दिला नव्हता. मुलगा माझ्यासाठी परदेशातून कॉर्ड मागवतोय." मास्तर हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी शिष्याला गिटार घेऊन बोलावले. आता आपल्याला खास काही शिकवणार, या आशेने तो गेला. मास्तरांनी त्याच्या हातातून गिटार घेतली, आपल्या लोखंडी कपाटात उभी ठेवली, दार लावले आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली.

"मास्तर, रविवारला बाराच दिवस राहिलेत."

"मला मोजता येतं."

"मग मी सराव कशावर करू?"

"रोज पाच वाजता ऑल्गाकडे जायचं. ती गाईल. तू शेजारी बसायचं. ती आवाज लावणार, त्याच्या आधी एक बोट उचलायचं. प्रत्येक ओळीला."

"आवाज लावल्यावर?"

"आधी. लावल्यावर कोणालाही कळतं."

"आणि कॉर्ड?"

"कॉर्ड कपाटात आहेत."

शिष्याला वाटले, ही शिक्षा आहे. बाईंना पुढे ढकलायला सांगितल्याची शिक्षा. ती तो मुकाट्याने भोगायला तयार होता. पण तो दाराशी पोचला तोच मास्तर मागून म्हणाले, "आणि हे बघ, जाता जाता दुकानात डोकावून जा. पुस्तक आलं का विचार. मला कळव."

आता मात्र त्याला काही उमगेना. पुस्तकावर राग असेल तर चौकशी कशाला? चौकशी असेल तर गिटार कुलपात का? आणि ज्यांच्या बोटांना साधी कॉर्ड धरवत नाही, त्यांनी त्या यादीत पहिले नाव तरी का लिहावे? तो दुकानात गेला. पुस्तक आले नव्हते. त्याने मास्तरांना तसे कळवले. मास्तर फोनवर म्हणाले, "अरेरे." आणि ते 'अरेरे' खरे होते.

पाच वाजता तो ऑल्गाबाईंकडे गेला. बाई खिडकीशी वेताच्या खुर्चीत बसून मटार सोलत होत्या.

"गिटार कुठे?"

"मास्तरांनी कपाटात ठेवली."

"का?"

"मला माहीत नाही, आंटी."

"मला पण नाही," बाई म्हणाल्या. "बस. चहा मागाहून घेऊ."

त्या गायला लागल्या आणि शिष्य बोट उचलू लागला. पहिल्या दिवशी त्याचे बोट प्रत्येक वेळी उशिरा उठले. दुसऱ्या दिवशी तो हिशेबाने बसला. ही गाणी त्याला पाठ होती. बाईंच्या जुन्या ध्वनिफिती त्याने शंभरदा ऐकल्या होत्या. कुठल्या ओळीनंतर किती मात्रा, ते मोजून त्याने बोट उचलले. पण बाई तिथे सुरू होत नव्हत्या. कधी दोन मात्रा अलीकडे, कधी एक पलीकडे, आणि कधी ओळीच्या मधेच थांबून पुन्हा. त्याला वाटले बाई विसरतात. तसे वाटल्याबद्दल त्याला अपराधीही वाटले.

चौथ्या दिवशी एका संथ प्रेमगीतात त्या ओळीच्या मधोमध थांबल्या. हातातली शेंग तशीच राहिली.

"इथे आता पुरत नाही," त्या म्हणाल्या.

"काय?"

"श्वास. पूर्वी ही ओळ मी एका दमात म्हणायची. आता गाठ आडवी येते." त्यांचे डोळे भरले होते. "नवीन जागा शोधावी लागते प्रत्येक वेळी. रोज वेगळी सापडते."

 त्या दिवशी शिष्याने पुढे बोट उचलले नाही, आणि घरी परतताना त्याला रडू आले. ध्वनिफितीतल्या बाईंची साथ तो सहा वर्षे घोटत आला होता. या खिडकीतल्या बाईंना त्याने ऐकलेच नव्हते.

पाचव्या दिवसापासून त्याने मोजणे सोडले. ऐकणेही पुरेना, तेव्हा तो बघू लागला. ओळ सुरू होण्याआधी बाईंचा उजवा खांदा किंचित वर जाई. श्वास अपुरा पडणार असेल तर त्या डाव्या हाताने फ्रॉकची कड चिमटीत धरत. दुःखाच्या शब्दाआधी खांदा उठे, पण अर्धाच. आठव्या दिवशी दहा ओळींपैकी चार ओळींना त्याचे बोट वेळेवर उठले. अकराव्या दिवशी सात. बाई गाता गाता हसल्या आणि म्हणाल्या, "अरे, हे तर मला पण माहीत नव्हतं की मी आता सुरू होणार."

हे त्याला जमू लागले होते. पण याचे करायचे काय, ते त्याला कळत नव्हते. बोट उचलून साथ होत नाही. त्याच्या डोक्यात रोज घरी जाताना तोच गोंधळ असे, आणि मास्तरांना विचारायचा धीरही त्याला होत नव्हता.

शनिवारी दुपारी पुस्तक आले. दुकानात आठही जण जमले. एकमेकांचे तोंड न बघणारे तिघे एकाच प्रतीवर वाकून उभे होते. सर्वांनी आधी नववा अध्याय उघडला. ते पान सापडले. पट्टीचे चित्र तेच, ठिपके चार. पाचवा नव्हताच. छायाचित्र काढणाऱ्याच्या मोबाईलच्या काचेवर कसला तरी डाग असणार. शिष्याने नकळत आपला पंजा चोळला.

मास्तरांनी आपली प्रत हातात घेतली, कपाळाला लावली आणि छातीशी धरली. नवे वर्ष लागल्यावर शाळेतले मूल पाठ्यपुस्तक धरते तशी. शिष्य बघतच राहिला. मग त्यांनी खिशातून कपाटाची किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली.

"गिटार घेऊन जा. उद्या सहाला हॉल."

"मास्तर, मी नववा अध्याय बघू का?"

"पुस्तक तुझं आहे," मास्तर म्हणाले, आणि आपली प्रत घेऊन घरी गेले.

बघ म्हणाले नाहीत, बघू नको म्हणाले नाहीत. असल्या गुरूचे काय करावे? शिष्याने पुस्तक उघडले. आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवतो : पुस्तक खरोखरच थोर होते. नवव्या अध्यायाच्या पाचव्या पानावर त्याला एक कॉर्ड सापडली. चार बोटे चार तारांवर लांब लांब, आणि आवाज असा की उघडल्या दारातून समुद्र दिसावा. ऑल्गाबाईंच्या दुसऱ्या गाण्याच्या तिसऱ्या ओळीवर ती नेमकी बसत होती. रविवारी दुपारपर्यंत त्याने ती शंभर वेळा धरून पाहिली.

हॉल भरला होता. गिटारवाले दुसऱ्या रांगेत ओळीने बसले होते आणि प्रत्येकाच्या मांडीवर पुस्तक होते. मास्तर पहिल्या रांगेत कडेला. ऑल्गाबाई निळ्या फ्रॉकमध्ये उभ्या. पहिले गाणे सरळ पार पडले.

दुसऱ्या गाण्याची तिसरी ओळ जवळ आली. शिष्याने मान खाली घातली, चारही बोटे बघून बघून आपापल्या जागी बसवली, आणि वाजवले. दुसऱ्या रांगेतून "वा" असा हलका उद्गार आला. कॉर्ड अप्रतिम वाजली होती. पण तिथे बाई नव्हत्या. त्यांचा श्वास अर्धा शब्द अलीकडेच संपला होता. खांदा उठला नव्हता, डाव्या हाताने फ्रॉकची कड घट्ट धरली होती, आणि हे सगळे ज्याने बघायचे तो आपल्या बोटांकडे बघत होता. बाई उशिरा आल्या, त्या स्वरांच्या पसाऱ्यात आपली चाल शोधू लागल्या. पायरी आहे समजून पाऊल टाकावे आणि पायरीच नसावी, तसा त्यांचा आवाज खचला. त्यांच्या गळ्यातून घोगरा, खरखरीत सूर निघाला. हॉलमध्ये काहींनी माना खाली घातल्या.

बाईंनी त्याच्याकडे वळून पाहिले. रागाने नाही. तू कुठे आहेस, असे विचारल्यासारखे.

शिष्याला त्या क्षणी भयंकर लाज वाटली. हे त्यांचे कदाचित शेवटचे गाणे आणि आपण त्यात आपली कॉर्ड वाजवली. त्याने वाजवता वाजवताच खुर्ची फिरवली, सरळ बाईंकडे तोंड केले. आता गिटारची पट्टी त्याला दिसत नव्हती. दिसत होता तो बाईंचा उजवा खांदा आणि डावा हात. न बघता त्याला चार तारांची कॉर्ड धरवेना, तेव्हा तो दोनच तारांवर आला. दोन स्वर. कुठल्याही शिकाऊ मुलाला येणारे. पण खांदा उठे, आणि बाईंचा आवाज पोचायच्या कणभर आधी ते दोन स्वर तिथे जाऊन थांबलेले असत. बाई येत आणि त्यांच्यावर उभ्या राहत. दुसऱ्या रांगेतून पुन्हा "वा" आला नाही. पुस्तकेही कोणी उघडली नाहीत.

शेवटचे गाणे ते संथ प्रेमगीत होते. ती ओळ आली. मधोमध बाईंच्या डाव्या हाताने फ्रॉकची कड धरली. शिष्याने दोन स्वर आधीच ठेवले आणि हात उचलून घेतला. बाई थांबल्या. सगळ्यांसमोर, घाई न करता त्यांनी श्वास घेतला, आणि उरलेली अर्धी ओळ म्हटली. हॉलमध्ये कोणालाही तिथे काही तुटल्यासारखे वाटले नाही. ते गाणे तिथे थांबायचेच असते, असे वाटले.

सोमवारी शिष्य मास्तरांकडे गेला. मास्तर पुस्तक वाचत होते. भिंग घेऊन, पहिल्या पानापासून.

"मी चुकीची कॉर्ड वाजवली," शिष्य म्हणाला.

"कॉर्ड बरोबर होती. सुंदर होती. ऐकून मला आनंद झाला." मास्तरांनी भिंग खाली ठेवले. "पण ती तू एका रिकाम्या जागेसाठी वाजवलीस. तिथं माणूस आला नव्हता."

"मला काही कळत नाही, मास्तर. पुस्तकाचा उपयोग नव्हता तर तुम्ही पहिलं नाव का लिहिलंत? आणि उपयोग होता तर माझी गिटार का काढून घेतलीत?"

 मास्तर म्हणाले :

"हातात गिटार असली की तुला फक्त तुझी बोटं ऐकू येतात. म्हणून बारा दिवस ती काढून घेतली. आता पुस्तकाचं सांगतो. हा म्हातारा आयुष्यभर कुणाच्या तरी शेजारी बसला असणार. कुणाचा तरी श्वास मधेच तुटला असेल, आणि तिथं ठेवायला काही हवं म्हणून यानं शोधाशोध केली असेल. त्या वेळी त्याला जे सापडलं ते त्यानं नवव्या अध्यायात लिहिलंय. मला त्याचं फार कौतुक आहे. माझी बोटं गेली तरी दुसऱ्या माणसाला काय सापडलं ते मला बघायचं आहे, म्हणून नाव लिहिलं. तुझ्याइतकीच वाट मीही बघितली. फक्त तेवढ्यासाठी मी कुणाला थांब म्हणालो नाही. त्याच्या शेजारी कोण बसलं होतं, ते काही पुस्तकात नाही. तुझ्या शेजारी कोण बसलंय, ते तर नाहीच नाही. ते तुला खिडकीत बसून बघावं लागतं."

 शिष्य खाली बघत म्हणाला, "मी आंटींना आठ दिवस थांबायला सांगितलं होतं."

"हो."

"त्या डॉक्टरांना विचारायलाही गेल्या."

"हो," मास्तर म्हणाले. "ती आपल्या साथीदाराचं नेहमीच ऐकत आली आहे."

मंगळवारी शस्त्रक्रिया झाली. बाई वाचल्या. आवाजाचे डॉक्टर अजूनही 'बघू' म्हणत होते. महिनाभर बोलायचे नाही, कुजबुजायचेसुद्धा नाही, अशी ताकीद होती. गिटारवाले दुकानात जमून नवव्या अध्यायावर वाद घालत, आणि दहाव्या अध्यायाविषयी त्यांच्यात नवीन तट पडू लागले होते. शिष्यही जाई. खरे सांगायचे तर नववा अध्याय त्याला अजून निम्माच कळला होता, पण त्याने एक नवे गाणे बसवायला घेतले होते.

तीन आठवड्यांनी तो पाच वाजता ऑल्गाबाईंकडे गेला. या खेपेला गिटार बरोबर होती. बाई खिडकीशी वेताच्या खुर्चीत होत्या, गळ्याला पट्टी, मांडीवर मटारची परात. काय बोलावे ते त्याला सुचेना, आणि बाईंना तर बोलायचेच नव्हते. तेव्हा त्याने खुर्ची त्यांच्याकडे फिरवली आणि ते संथ प्रेमगीत वाजवायला घेतले. दोनच तारांवर, हळू.

बाई ऐकत होत्या. ओळीमागून ओळ गेली. ती ओळ आली, मधोमध पोचली, आणि शिष्याचा हात थबकला. बाई गात नाहीत तर इथे श्वासासाठी थांबावे की पुढे जावे, ते त्याला कळेना. त्याने वर पाहिले.

बाईंचा डावा हात फ्रॉकच्या कडेवर होता. उजवा खांदा हळूच वर गेला. तोंडातून आवाज आला नाही. तो थांबला होता तेवढे त्याही थांबल्या, आणि मग, पुढचा स्वर त्याचा त्याला सुचायच्या आधी, त्यांनी एक बोट उचलले.

त्याने तो स्वर वाजवला. बाईंनी मान हलवली आणि पुढची शेंग हातात घेतली.